सात नंबरची पाटी, शेजारच्या भिंतीवर

मी सात नंबरची पाटी बोलतेय. शहराच्या जुन्या भागातून पायी फिरण्यासाठी एक वाट आखलेली आहे, तिच्यावरचा सातवा थांबा म्हणजे मी. निळं अंग, पांढरी अक्षरं आणि चार कोपऱ्यांत चार स्क्रू. रोज शेपन्नास माणसं माझ्यासमोर थांबतात, माना वर करून मला वाचतात आणि पुढे जातात. लोखंडाची पाटी खोटं बोलत असेल, अशी शंका त्यांच्यातल्या एकालाही कधी आली नाही.

मी खोटं बोलते. गेली बावीस वर्षं बोलतेय. हौसेने नाही, पण बोलतेय हे खरं. त्यापायी एक घर गेलं. आज ते सगळं सांगून टाकणार आहे; ऐकून तुम्ही मला नावं ठेवलीत तरी माझी तक्रार नाही.

माझा जन्म एनॅमलच्या कारखान्यातला. पत्र्याचा तुकडा कापला, घासला, त्यावर निळा लेप दिला आणि भट्टीत घातला. मग साच्यातून अक्षरं उमटवली आणि पुन्हा भट्टीत. तीन वेळा भाजून निघाले, तेव्हा कुठे माझ्या अंगावर ही चकाकी आली. आम्ही बारा बहिणी. कारखान्यातला म्हातारा कारागीर एकेकीला कापडाने पुसायचा आणि म्हणायचा, "पन्नास वर्षं काही होत नाही तुम्हाला. तुम्हाला लावणारी माणसं जातील, तुम्ही राहाल." तेव्हा मला तो आशीर्वादच वाटला होता.

माझ्यावर लिहिलं होतं: 'थांबा सात. या घरात छपाईचे खिळे घडवणारा कारागीर राहत होता. शहराचं पहिलं वर्तमानपत्र त्याच्याच खिळ्यांनी छापलं गेलं.' खिळे म्हणजे शिशाची अक्षरं, जुन्या छापखान्यात एकेक जुळवून पान तयार करायचे ती. हा मजकूर लिहिला एका निवृत्त मास्तरांनी. इतिहास शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. सगळे त्यांना सर म्हणत. ही वाट त्यांनीच आखली. घरोघरी फिरले, जुनी कागदपत्रं चाळली, कचेरीचे उंबरे झिजवले आणि बारा ठिकाणं ठरवली.

आम्हाला लावायचं काम एका फिटरकडे आलं. तो आणि त्याचा मेहुणा असे दोघं निघाले. गोणपाटात गुंडाळून आम्हाला सायकलच्या कॅरिअरला बांधलं. फिटर सायकल हातात धरून चालत होता आणि मेहुणा मागून हत्यारांची पिशवी घेऊन, तोंडाचा पट्टा सोडून. गोणीला एक भोक होतं, त्यातून मी सगळं बघत होते. एक नंबर पाण्याच्या जुन्या हौदावर गेली, दोन नंबर तटाच्या उरलेल्या भिंतीवर. चार नंबर बंद पडलेल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर. गल्ल्या इतक्या अरुंद की हँडल तिरकं केल्याशिवाय सायकल वळत नव्हती. मधोमध झिजलेल्या दगडी पायऱ्या पाहिल्या, समोरासमोरच्या खिडक्यांमधून बांधलेल्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे पाहिले, खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करणारा एक माणूस पाहिला. ती सफर मी आयुष्यात एकदाच केली. नंतर हजारो लोकांना वाट दाखवली, पण माझा स्वतःचा पाय काही भिंतीतून निघाला नाही.

सहा नंबर दोरवाल्यांच्या गल्लीत लागली आणि माझी पाळी आली.

माझं घर, म्हणजे कागदावरचं माझं घर, बुटकं आणि जुनं होतं. तळमजल्यावर एक बुकबाइंडर काम करायचा. फाटक्या वह्या, शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं, कचेरीतली रजिस्टरं बांधून द्यायचा. पन्नाशीला आलेला, अबोल, बोटांवर कायम वाळलेली खळ. घरात दुसरी त्याची थोरली बहीण. तिला अख्खी गल्ली ताई म्हणायची. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. का, ते मला कधी कळलं नाही. गल्लीला माहीत असावं, पण ती गोष्ट माझ्यासमोर कुणी काढली नाही.

त्या घराची खरी दौलत म्हणजे दाराची चौकट. खिळे घडवणारा कारागीर आधी पोलादाच्या ठशावर अक्षर कोरायचा आणि ते नीट उठतंय का हे बघायला उजेडात, दारापाशी यायचा. चौकटीवर ठसा धरायचा आणि हातोडीचा एक टोला. असे शेकडो टोले. वरपासून खालपर्यंत लाकडावर बारीक अक्षरं उमटलेली. काही सुबक, काही फसलेली, एकेक अक्षर दहादहा वेळा. बाइंडर आणि ताई लहानपणी याच अक्षरांवरून बोट फिरवत लिहायला शिकले. खालच्या बाजूची अक्षरं त्यांच्या बोटांनी गुळगुळीत झाली होती.

फिटरने त्या घराच्या भिंतीला टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. तरी त्याने भोक पाडलं. स्क्रू आत गेला आणि गिलाव्यासकट बाहेर आला. दुसरं भोक, तिसरं, चौथं. पायाशी चुन्याचा ढीग झाला.

"ही भिंत आहे का भुगा?" तो म्हणाला. "पिठात खुंटी ठोकल्यासारखं चाललंय."

"दाजी, मग शेजारी लावा की," मेहुणा म्हणाला. "ही वीट बघा कशी खणखणीत आहे. दोन हातांचा तर फरक."

"कागदावर हे घर आहे."

"कागद लावायचाय का पाटी? लोकांनी वाचल्याशी मतलब. अजून पाच लावायच्यात, आणि घरी जेवण गार होतंय."

फिटरने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा उन्हाकडे पाहिलं, आणि मला शेजारच्या घरावर लावलं. ते घर चष्मेवाल्याचं. तसं नवंच, पक्क्या विटांचं. चार स्क्रू असे घट्ट बसले की आजतागायत एकही हललेला नाही. या कामात त्याने तेवढीच एक गोष्ट चोख केली.

पुढच्या रविवारी सर पहिला जथा घेऊन आले, मला बघून थबकले आणि कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी ते फिटरला अक्षरशः मानगुटीला धरून घेऊन आले, लांब स्क्रू आणि सिमेंट घेऊन. म्हटलं, सुटले. पण बाइंडर दारात आला आणि म्हणाला, "राहू द्या हो सर तिकडेच."

"अहो, चुकीच्या घरावर आहे ती!"

"असू दे. मला खळ वाळायला दार उघडं लागतं. माणसं दारात उभी राहिली की वारा अडतो, उजेड जातो. वर प्रत्येक जण डोकावून विचारणार, हे काय करताय, ते काय करताय. मी काम कधी करू?"

ताई आतून म्हणाली, "म्हटलं, बसल्या जागी करमणूक होईल. ती पण माझ्या नशिबी नाही!"

चष्मेवालाही बाहेर आला होता. तरुण, हसतमुख माणूस. "सर, राहू द्या ना. गिऱ्हाइकाची नजर तपासायला बरी आहे. म्हणेन, सात नंबरची पाटी वाचून दाखवा," तो म्हणाला आणि सगळे हसले. सरसुद्धा हसले. फिटर तर सगळ्यात जास्त हसला, कारण त्याचं काम वाचलं होतं. इतकं सगळं चांगुलपणात झालं. कुणाच्या मनात पाप नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवते.

मग सरांनी त्यावर तोडगा काढला. दर रविवारी ते जथा घेऊन यायचे, माझ्यासमोर उभे राहून मला मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, "आता मंडळी, दोन पावलं डावीकडे. पाटी इथे, घर तिथे. पाटीचं ऐकू नका, माझं ऐका." लोक हसत हसत सरकायचे. बाइंडर कुरकुरायचा, पण चौकट दाखवायला बाजूला व्हायचा. पोरंटोरं अक्षरांवर बोटं फिरवायची. ताई दारात बसून मधूनच म्हणायची, "त्या कोपऱ्यातलं फसलेलं अक्षर बघा, त्या बिचाऱ्याला त्या दिवशी जेवण मिळालं नसेल." ते दिवस माझे सुखाचे होते. मी खोटं बोलायचे आणि लगेच कुणीतरी माझा कान धरून खरं सांगायचं. यापेक्षा पाटीला काय हवं?

पण खरं जे होतं, ते एका माणसाच्या तोंडात होतं. फिटरच्या हातातला तो कागद केव्हाच रद्दीत गेला होता. सरांनी कचेरीला तीन पत्रं लिहिली. 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे' असं तिन्ही वेळा उत्तर आलं. सरांचे गुडघे गेले. आधी रविवार महिन्यातून एकदा झाला, मग बंद झाला. त्यानंतर वाटेवर भाड्याच्या सायकली आल्या. लोक कानात बोंडं घालून यायचे; त्यांच्या कानात एक गोड आवाज बोलायचा. तो आवाज कुणी तयार केला कोण जाणे, पण वाट चालून केला नव्हता हे नक्की. उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. आम्हा बारा जणींचा मजकूर समोर ठेवायचा आणि त्याला तिखटमीठ लावायचं, झालं. माणसं एक पाय जमिनीवर टेकवून माझ्यासमोर थांबायची, चष्मेवाल्याच्या घराचा फोटो काढायची आणि पायडल मारायची. दोन पावलं डावीकडे कुणी सरकेना. बाइंडरचं दार आता सताड उघडं असायचं, खळ छान वाळायची.

चष्मेवाल्याचंही हळूहळू बदललं. आधी तो लोकांना सांगायचा, "नाही हो, ते शेजारचं." मग कंटाळला. मग नुसता हसायचा. एकदा एका बाईंनी विचारलं, "याच खोलीत तो काम करायचा का?" तर तो म्हणाला, "हो, असं म्हणतात." त्याला मी दोष देत नाही. शंभर वेळा तोच प्रश्न आला की माणूस सोपं उत्तर देतो.

सर वारले. त्यांच्या माघारी मी काय बोलते ते तपासणारं कुणीच उरलं नाही.

आणि मग रस्ता रुंद करायची टूम निघाली. आमच्या बाजूची आठ घरं जाणार होती. पण जुन्या वाटेवरच्या बारा वास्तू मात्र वाचवायच्या, असा हुकूम होता. आठांतलं एक घर त्या बारांत होतं. सात नंबर.

कचेरीतून एक अधिकारी बाई आल्या, हातात यादी आणि मोजायची टेप. कामाला चोख, बोलायला सरळ. बाइंडरने त्यांना दारात नेलं, चौकट दाखवली. एरवी चार शब्द न बोलणारा तो माणूस त्या दिवशी अर्धा तास बोलत होता. बाई वाकल्या, चष्मा वर करून अक्षरं बघितली, बोट फिरवलं. मला वाटलं, झालं, उजेड पडला.

"मला पटतंय हो," त्या म्हणाल्या. "पण माझ्या यादीत घर नाही, पाटी आहे. पाटी ज्या भिंतीवर, ती इमारत राहणार. रस्ता एकाच घराला वळसा घालणार आहे, दोन घरं वाचवता येणार नाहीत."

"मग पाटी इकडे लावतो."

"तुम्ही आपल्या मनाने लावलीत तर गुन्हा होईल. दोन्ही मालकांनी लिहून द्या, पाटी चुकीच्या घरावर लागली होती म्हणून. दोन सह्या. सोमवारपर्यंत आणून द्या, मी यादी दुरुस्त करून घेते. माझा शब्द."

दोन सह्या. एक बाइंडरची, ती तर झालीच. दुसरी चष्मेवाल्याची. त्याने सही केली, तर त्याचं घर जाणार. वरच्या खोलीत त्याची बायको चार वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, आणि खाली दुकान. एवढाच त्याचा संसार.

रविवारी दुपारी ताई त्याच्या दुकानाच्या पायरीवर आली. बरोबर माझ्या खाली. त्याला तिने हाफपँटीत बघितलं होतं. त्याच्या आईच्या आजारपणात दोन महिने तिनेच त्याला जेवू घातलं होतं. तो उठून उभा राहिला. खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"अरे, तुला माहीत आहे मी कशाला आले ते," ती म्हणाली.

तो बराच वेळ काउंटरवरची काच पुसत राहिला. मग म्हणाला, "ताई, माझ्याकडे दुसरं काहीही मागा. सही मागू नका."

"खरं काय ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुमच्याकडे बघवत नाही." त्याने फडकं काउंटरवर टाकलं. "तिला घेऊन मी कुठे जाऊ? तिला बाजेसकट उचलून कुठल्या जिन्याने नेऊ, तेवढं सांगा. मी आत्ता सही करतो."

ताईने वर, त्याच्या बायकोच्या खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी त्या क्षणी खाली पडायला हवं होतं. खूप वाटलं. एक स्क्रू जरी सैल असता, तरी मी स्वतःला सोडून दिलं असतं. पण मी जागची हलले नाही, आणि माझी पांढरी अक्षरं उन्हात तशीच चकाकत होती.

"बरं," ताई म्हणाली. "तिला औषध वेळेवर दे." आणि घरी गेली. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

बाइंडर मात्र आतून म्हणत होता, दारातून मला ऐकू येत होतं, "सर लांब स्क्रू घेऊन दारात उभे होते, ताई. आणि मीच नको म्हणालो. वारा अडेल म्हणालो."

"आता ते उगाळून काय होणार आहे? ऊठ, पेट्या भरायच्यात."

शेवटच्या आठवड्यात चष्मेवाला त्यांच्या दारात गेला. खाली मान घालून म्हणाला, "चौकट मला द्या. मी जपेन." बाइंडर इतका चिडलेला मी कधी पाहिला नव्हता. तो म्हणाला, "जाळून टाकीन, पण तुला देणार नाही. घर खाल्लंस, आता दार पण हवंय?" चष्मेवाला तसाच उभा राहिला. ताईच मध्ये पडली.

"नव्या जागी चौथ्या मजल्यावर ती चढायची नाही," ती भावाला म्हणाली. "बाहेर ठेवलीस तर दोन दिवसांत कुणीतरी चुलीत घालेल. देऊन टाक. कुणाच्या का दाराला असेना, अक्षरं राहू देत."

सुताराने चौकट सोडवली. बाइंडर त्या वेळी बाहेर निघून गेला होता. मग यंत्र आलं. मला वाटलं होतं, इतकं जुनं घर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तरी झुंजेल. तासाभरात सगळं भुईसपाट झालं. भिंत खरोखरच भुसभुशीत होती, फिटर त्यात खोटं बोलला नव्हता. धूळ माझ्या अंगावर बसली. चष्मेवाल्याने दुसऱ्या दिवशी मला ओल्या फडक्याने पुसलं. रडत होता तो.

चौकट आता त्याच्या दुकानाच्या दाराला आहे. तिच्यावर छोटा दिवा आहे. कुणी म्हणेल, पाटी चुकीची आहे, तर बघा, पुरावा समोर उभा आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे चोर कोण तेच मला सांगता येत नाही. फिटर भुकेला होता, बाइंडरला वारा हवा होता, चष्मेवाल्याची बायको आजारी होती. फार तर मला चोर म्हणा.

मागच्या महिन्यातली गोष्ट. एक तरुण मुलगी जथा घेऊन आली होती. बारा-पंधरा माणसं, सायकली भिंतीला टेकवलेल्या. त्यांच्या मागे एक म्हातारा येऊन उभा राहिला, हातात कापडी पिशवी. बाइंडर. केस सगळे पांढरे झालेले. मुलीने मला वाचून दाखवलं, चौकटीबद्दल सांगितलं, अगदी मन लावून सांगितलं. माणसं फोटो काढत होती. तो गर्दीतून पुढे आला, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकला आणि चौकटीच्या तळाशी, जिथे लाकूड गुळगुळीत आहे तिथे, एका अक्षरावर बोट टेकवलं.

"काका, हात नका लावू हं," मुलगी गोड आवाजात म्हणाली. "फार जुनं आहे ते. इथल्या मालकांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलंय."

त्याने बोट काढून घेतलं. "हो का?" तो म्हणाला. "छान जपलंय."

"तुम्ही पहिल्यांदाच आलात का इकडे?"

"हो," तो म्हणाला. "ताईने सांगितलं होतं, एकदा बघून ये. ती गेली गेल्या पावसाळ्यात."

दुकानात चष्मेवाला काउंटरमागे उभा होता. दोघांची नजरानजर झाली. जथा सायकली घेऊन आठ नंबरकडे निघाला आणि बाइंडर उलट्या दिशेने, बसथांब्याकडे.

माझं अजून आयुष्य आहे. एनॅमल लवकर जात नाही. मला काढून कुठेतरी अडगळीत टाका असं म्हणावंसं वाटतं, पण मी निघाले तर वरची ती आजारी बाई रस्त्यावर येईल, हेही मला आता कळतं. म्हणून तेही म्हणत नाही. तुम्ही मात्र कधी या वाटेने आलात, चालत किंवा सायकलवर, तर मला वाचून झाल्यावर जरा डावीकडे बघा. तिथे नुसता डांबरी रस्ता दिसेल. गाड्या जोरात येतात, जपून उभे राहा. घर तिथे होतं.